अर्धलीची गाय

डेअरीच्या सेक्रेटरीनं तानूबाईची किटली मापात ओतली, नमुन्याची बाटली भरली आणि वर न बघताच सांगितलं की परवा तालुक्याचं पथक येतंय. ज्यांना गायीच्या दुधाचं अनुदान मिळतंय त्यांच्या गोठ्यात जाऊन गायी बघणार, कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळवणार. मागं रांगेतली माणसं हसली. आजवर सरकारनं माणसं मोजली, आता गुरं मोजाया लागलं, असं कुणीतरी म्हणालं. तानूबाई हसली नाही. तिनं रिकामी किटली उलटी करून निथळली, पदर डोक्यावर ओढला आणि चिखल तुडवत घराकडं निघाली.  ती का हसली नाही ते तिला आणि सेक्रेटरीलाच ठाऊक होतं.

तिची गाय कागदावर तिची नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ही गाय म्हणजे नेमिनाथ अण्णांच्या गोठ्यात कोपऱ्यात पडलेला हाडांचा सापळा होता. काळ्यापांढऱ्या अंगाची म्हणून नाव बांडी. अण्णा गावातले जुने जैन शेतकरी, सहा एकर ऊस, माणूस सरळ. घरात ते आणि त्यांची बायको सीताबाई, मुलगा अनेकांत हातकणंगल्याला खताच्या दुकानात. कालवडीचं करायला कुणी नव्हतं. अण्णांनी तानूबाईला बोलावून घेतलं. "तानू, हिला अर्धलीनं न्हे. जगली तर दोघांची, मेली तर माझी एकट्याची," असं ते म्हणाले. असा सौदा करणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा सापडला नसता.

अर्धल म्हणजे काय ते गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकानं कालवड द्यायची, दुसऱ्यानं पोसायची. व्याली की दोघांनी मिळून किंमत ठरवायची, आणि पोसणाऱ्याला गाय हवी असेल तर त्यानं निम्मी किंमत देऊन ठेवून घ्यायची. यात कागद नसतो, शिक्का नसतो. दोन माणसं असतात आणि त्यांची जीभ असते.

तानूबाईनं बांडीला लेकरासारखं वाढवलं. गुंठाभर जमीन नाही, तेव्हा अण्णांच्याच बांधावरचं गवत कापायचं, भारा डोक्यावर घेऊन दीड मैल यायचं. भाऱ्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि सगळं अंग खाजायचं. नवरा दादासो कबनूरला यंत्रमागावर. बारा तासांची पाळी करून आला की त्याच्या कानात खटखट चालूच असायची, दोनदा सांगितल्याशिवाय त्याला ऐकू जायचं नाही. मुलगी प्रीती कॉलेजला. म्हणजे गाय तानूबाईची एकटीची होती, गोचीड काढण्यापासून ते पोट फुगल्यावर तेल पाजण्यापर्यंत.

बांडी गाभण होती तेव्हा गावात लसीची माणसं आली. त्यांनी दारोदार फिरून जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारले. मालकाचं नाव काय लिहू, असं त्यांनी विचारलं तेव्हा तानूबाईच आपल्या तोंडानं म्हणाली, अण्णांचं लिवा. कालवड व्यायच्या आधी पोसणाऱ्यानं तिला आपली म्हणायचं नसतं. पंगत बसायच्या आधी पातेल्यात हात घातल्यासारखं दिसतं ते. गावातली कुठलीही शहाणी बाई हेच बोलली असती. दादासोला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भीड भिकेची भन असती, तानू." तिनं ते मनावर घेतलं नाही.

वैशाखात बांडी व्याली. कालवडच झाली. अण्णा स्वतः चालत आले, कास बघितली, किंमत बोलले, तानूबाईनं मान हलवली. तू गाय ठेव, माझं अर्धं दुधातनं सावकाश फेड, असं ठरलं. त्यांनी प्रीतीच्या हातचा चहा घेतला आणि गेले. आषाढात सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं अनुदान सुरू केलं. सेक्रेटरी म्हणाला, बिल्ला, आधार आणि खातं तिन्ही एकाच नावानं पाहिजे. बिल्ल्यावरचं नाव बदलेतोवर तुझं दूध डेअरीतल्या अण्णांच्या नंबरावर घाल. अण्णाही म्हणाले, चालतंय की. दर दहा दिवसांनी ते तिला हाक मारून घ्यायचे, स्वतःचं थोडं ठेवून बाकी सगळं, अनुदानासकट, तिच्या हातावर ठेवायचे. बिल्ल्यावरचं नाव बदलायला गुरांच्या दवाखान्यात अण्णांनी यायला हवं होतं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपीचे आकडे येणार होते. पाऊस उघडला की जाऊ, असं अण्णा म्हणाले. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुन्हा तीच भीड.

पाऊस उघडला नाही. श्रावणात अण्णा मोरीत पडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्यानंतर तीन बिलं झाली. तानूबाई तीनदा अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसली. अनेकांत दुकान नोकरावर टाकून गावात राहायला आला होता. त्यानं तीन वेळा सांगितलं की दवाखान्याच्या गडबडीत आहे, बघतो. तिसऱ्यांदा सांगताना त्यानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. लहानपणी हाच अनेकांत तिच्या कडेवर बसून ऊस चोखायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पावसाची भुरभुर चालू असताना सीताबाई स्वतः आली. बुद्धविहाराच्या पलीकडं, तानूबाईच्या दारात, ती एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच येत होती. छत्री मिटून गोठ्याच्या वळचणीला उभी राहिली. तानूबाईनं आत बोलावलं, तर नको म्हणाली, पाय चिखलाचे आहेत. मग बांडीकडं बघत राहिली. बांडी रवंथ करत होती, पोटाला कालवड घासत होती.

"केवढी केलीस ग," सीताबाई म्हणाली.

"तुमचीच हाय की, आक्का," तानूबाई म्हणाली. बोलायची रीत म्हणून बोलली. बोलली आणि तिचं तिलाच कसंसं झालं.

सीताबाईनं मग सांगितलं. आमच्या गोठ्यात एक जनावर नाही, होती ती अनेकांतनं विकली. उद्या पथक येऊन बघणार, तर नंबरावर रोज तेरा लिटर दूध आणि गोठा रिकामा. अनुदान परत घेतील ते घेतील, वर नोटीस काढतील, तीही अण्णांच्या नावानं. डेअरीचं नाव यादीतनं गेलं तर साऱ्या गावाचं अनुदान बंद. सेक्रेटरी सकाळपासून दोनदा येऊन गेला.

"एक दिस पाठव," सीताबाई म्हणाली. "साहेब गेलं की घिऊन जा. मी सांगतो न्हवं."

तानूबाईला विचारायचं होतं की बिलाचं काय, अर्धलीचं काय, अनेकांतला तुम्ही सांगितलंय का की गाय कुणाची. हे सगळं तिच्या ओठावर आलं होतं. पण समोरची बाई महिनाभर नवऱ्याची घाण काढत होती, तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. अशा वेळी विचारायचं कसं?

"आक्का, तुमाला ठावं हाय न्हवं, अण्णांचं नि माझं काय ठरलंय त्ये?"

"मला ठावं न्हाय तर कुणाला?" सीताबाई म्हणाली. तानूबाईला तेवढ्यानं धीर आला.

प्रीती घरात अभ्यासाला बसली होती, तिनं सगळं ऐकलं. सीताबाई गेल्यावर ती आईला म्हणाली, एवढंच लिहून घ्यायचं होतंस, एक ओळ. तानूबाई तिच्यावर ओरडली. आजारी माणसाच्या दारात कागद घेऊन जायचं का, असं म्हणाली. ओरडली कारण पोरीचं खरं होतं.

सकाळी धार काढून तिनं बांडीला सोडलं. कालवडीला मागंच बांधलं, कारण बिल्ला नसलेलं वासरू दिसलं की साहेब आणखी चार प्रश्न विचारतील, असा सेक्रेटरीचा निरोप होता. बांडी वेशीपर्यंत तीनदा थांबली, मागं वळून हंबरली. घराकडनं कालवड ओरडत होती. वाटेत भेटेल तो विचारत होता, कुठं चाललीस गाय घेऊन, बाजार कुठाय आज? तानूबाई सांगत होती, डॉक्टरला दाखवाया. लबाडी तिथनंच सुरू झाली.

अण्णांचा गोठा फिनेल टाकून धुतला होता. त्या वासानं बांडीनं दारातच पाय रोवले. अनेकांत दोर धरून पुढनं ओढायला लागला, मागनं एकजण शेपूट पिरगाळत होता. तानूबाई पुढं झाली, गळ्याखाली खाजवलं आणि नुसतं च् च् केलं तशी गाय आत गेली. अनेकांत दोर तिच्या हातात देऊन बाजूला झाला. त्याच्या पांढऱ्या बुटांवर शेण उडालं होतं, ते तो पत्र्याला घासत होता. "मावशी, तुम्ही इथंच थांबा," तो म्हणाला. "ही माझ्याजवळ उभी राहणार नाही."

चहा आला. सीताबाई आजवर तिला घरातल्या स्टीलच्या पेल्यातनं चहा द्यायची, अण्णांचा तसा दंडकच होता. आज पथकासाठी आणलेले कागदी कप होते, त्यातला एक तिला मिळाला. सगळ्यांनाच त्यातनं मिळणार होता, म्हणून तिनं काही मनाला लावून घेतलं नाही. तरी कपातला चहा संपल्यावर तो कुठं टाकायचा ते तिला कळेना, म्हणून ती तो हातातच धरून उभी राहिली.

साहेब अकराला आले. दोघं होते, एक तरुण, एक पोट सुटलेला. सोबत सेक्रेटरी, त्याच्या कपाळाला भर पावसात घाम. आतल्या खोलीची खिडकी गोठ्याकडं उघडायची. खिडकीलगत अण्णांची कॉट होती. गजांमधनं त्यांचं अर्धं तोंड दिसत होतं, वाकडं झालेलं, आणि एक डोळा. तो डोळा बांडीवर होता.

तरुण साहेबांनी मोबाइल काढला आणि बिल्ला बघायला कान धरायला सांगितला. अनेकांत पुढं झाला. बांडीनं मान अशी हिसडली की तो गव्हाणीवर आदळला. पोट सुटलेले साहेब हसले. मालकाला ओळखत नाही वाटतं, असं म्हणाले. अनेकांतचा चेहरा लाल झाला. सेक्रेटरीनं तानूबाईकडं बघितलं. तिनं जाऊन बांडीच्या पाठीवर थाप मारली, कान हातात घेतला, बिल्ला पालथा केला. गाय गरीब होऊन उभी राहिली. तरुण साहेबांनी आकडे जुळवले, अनेकांतला गायीशेजारी उभं करून फोटो काढला. गायीनं हलू नये म्हणून दावं तानूबाईनं धरलं होतं. फोटोत ती येऊ नये म्हणून तिला जरा खाली वाकायला सांगितलं. ती वाकली.

मग पोट सुटलेले साहेब तिच्याकडं वळले. "बाई, गाय तर तुम्हालाच ओळखते. तुम्ही कोण?"

पत्र्यावरनं पागोळ्या गळत होत्या. तानूबाईनं सीताबाईकडं बघितलं. मला ठावं न्हाय तर कुणाला, असं म्हणालेली सीताबाई दारात उभी होती. ती जमिनीकडं बघत होती.  खरं बोललं तर अण्णा खोटे ठरत होते, डेअरी बुडत होती. उद्या वस्तीतल्या बायकाच म्हणणार, हिच्यापायी आमचं अनुदान गेलं. आणि खोटं बोललं तर काय होणार, तेही तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. दिसलं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

"मी हितं कामाला असतो, साहेब," ती म्हणाली. "शेणघाण करतो. धारा काढतो."

खिडकीतनं घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज आला. अण्णांचा डावा हात गज धरायला उठला आणि निसटला. सीताबाई लगबगीनं आत गेली. साहेब म्हणाले, आजारी आहेत का? अनेकांत म्हणाला, हो, त्यांना काही कळत नाही आता.

तपासणीच्या कागदावर साक्षीदार लागत होता. सेक्रेटरीची सही चालत नव्हती. साहेबांनी कागद तानूबाईपुढं धरला. प्रीती सातवीत असताना तिनं आईला अक्षरं जुळवून वाचायला आणि सही करायला शिकवलं होतं, ती सही तानूबाईनं आजवर बचतगटात आणि रेशनला केली होती. तिनं ओल्या हातानं पूर्ण नाव काढलं. शेजारी साहेबांनी लिहिलं, गोठ्यावरील कामगार. तिला ते वाचता आलं. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

पथक गेलं. सेक्रेटरीनं तिला हात जोडले आणि दुसऱ्या गोठ्याकडं पळाला. तानूबाईनं बांडीचं दावं खुंट्यावरनं सोडायला घेतलं.

"राहू दे, मावशी," अनेकांत म्हणाला. आवाज मऊ होता. "साहेब म्हणाले, फेरतपासणी होऊ शकते. आठ दिवस राहू दे."

"वासरू हाय घरात. त्ये वरडतंय."

"आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आक्कांस्नी इचारा. त्यांचं नि माझं ठरलंय."

अनेकांतनं आत हाक मारली. सीताबाई बाहेर आली, हातात अण्णांचं ओलं धोतर. मुलानं विचारलं, आई, गाय काही ठरवून दिली होती का हिला? सीताबाई धोतर पिळत राहिली. पाणी कधीच निथळून गेलं होतं, तरी पिळत राहिली.

"ह्यांचं ह्येच बघायचं सगळं," ती म्हणाली. "मला काय म्हाईत न्हाय."

तानूबाई घरी आली.  तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. कालवड दिवसभर ओरडली. संध्याकाळी प्रीतीनं दुधाची पिशवी विकत आणून तिला बाटलीनं पाजली. गाय असलेल्या घरात दुधाची पिशवी आली.

पहाटे अनेकांतचा फोन आला. बांडीनं रात्री दूध दिलं नव्हतं. दोन माणसं लावली, एकाला तिनं लाथ मारून पाडलं. कास दगडासारखी झाली होती, सडांना हात लावू देत नव्हती. वासरू घेऊन या लवकर, असं तो म्हणाला. या वेळी आवाजात भीती होती.

प्रीती म्हणाली, जाऊ नकोस. सडू दे गाय, मग कळेल त्याला मालक कोण ते. पोरीचं म्हणणं बिनचूक होतं. दूध तटून कास बिघडली की गाय कवडीमोल होते आणि असली गाय कुणी ठेवून घेत नाही. तानूबाई उंबऱ्यावर बसली. तिनं विचार केला, म्हणजे करून बघितला. पण तिच्या डोळ्यांपुढं ती कास आली. व्यायच्या वेळी तिनंच ती कोमट पाण्यानं शेकली होती. ती उठली, कालवड सोडली.

बांडी तिला लांबनंच हुंगून ओरडली. कालवड जाऊन कासेला भिडली. सड ताठलेले, गरम. पहिल्या धारा निघताना गाय थरथरत होती. तानूबाई तिच्या पोटाला कपाळ टेकून हळूहळू काढत राहिली आणि मग एकदम पान्हा सुटला. बादली भरली. अनेकांतनं ती उचलली आणि डेअरीत पाठवून दिली. नंबर तर त्यांचाच होता.

"असं करू," तो म्हणाला. "वासरू इथंच राहू दे, त्याशिवाय ही दूध देत नाही. तुम्ही सकाळ-संध्याकाळ येत जा. महिन्याला पगार देतो, फुकट नको. आणि बांधावरचं गवत आता इथंच टाकायचं." जरा थांबून तो म्हणाला, "कागदावरही तसंच आहे ना."

तानूबाई उठली. हात धुऊन खिडकीपाशी गेली. अण्णा जागे होते. तिला बघून त्यांचं तोंड हललं, लाळ गळली, डोळ्यातनं पाणी आलं. अर्धलीच्या दोन माणसांतला दुसरा हाच होता. तो बोलायचा जीव तोडून प्रयत्न करत होता. तानूबाईनं गजांमधनं हात आत घालून त्यांचा हात धरला.

सीताबाई आली. तिनं पदरानं अण्णांचं तोंड पुसलं, तानूबाईचा हात त्यांच्या हातातनं सोडवला. तानूबाईच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाली, "त्यास्नी तरास हुतोय, तानू. तू जा आता." आणि खिडकी लावून घेतली.

दादासो संध्याकाळी पाळी करून आला. केसात, भुवयांवर सुताची भुकटी. गोठ्यात दोन्ही खुंटे मोकळे बघून तो दारातच थांबला.

"वासरू?"

"गायीजवळ."

"गाय कवा आनायची?"

तिनं सांगितलं. त्याला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागलं. ऐकून त्यानं पायातली चप्पल काढलीच नाही. चल म्हणाला, आत्ताच्या आत्ता पंचांकडं जाऊ. साऱ्या गावाला माहीत आहे अर्धलीची गाय आहे ती, कुणीबी सांगंल.

"साऱ्या गावाला ठावं हाय," तानूबाई म्हणाली. "पर सही माझी हाय."

दादासोनं चप्पल काढली. तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्याला आणि प्रीतीला वाढलं. प्रीती ताटाला हात लावेना.

"जेवा आता," ती म्हणाली. "मला पाचला कामावर जायाचं हाय."